फ्रिज चालू आहे, पण आत थंड आहे का? लस आणि दूध ठेवणाऱ्यांसाठी उन्हाळी सल्ला



आज पिकाबद्दल नाही, घरातल्या फ्रिजबद्दल बोलायचं आहे. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस टोचायची वेळ आली आहे. बरेच सभासद लस आणून एक-दोन दिवस घरच्या फ्रिजमध्ये ठेवतात. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजे.

मागच्या मे महिन्यात माझ्याकडूनच चूक झाली. एका सभासदाच्या घरी मी लसीच्या बाटल्या ठेवल्या. फ्रिजचा दिवा लागत होता, कॉम्प्रेसरचा आवाज येत होता, म्हणून निश्चिंत राहिलो. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर लावला तर आत १४ अंश! सगळ्या बाटल्या बाद कराव्या लागल्या. लस खराब झाली तरी बाटलीकडे बघून कळत नाही. टोचून घेतली म्हणून आपण बिनधास्त राहतो आणि जनावर आजारी पडल्यावर डोळे उघडतात.

*असं का होतं?*
फ्रिज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता ओढून बाहेर टाकतो. ही उष्णता मागच्या काळ्या जाळीतून बाहेर पडते. नवीन फ्रिजला जाळी दिसत नाही, त्यात नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात, म्हणून बाजू गरम लागतात. बाहेरची हवाच तापलेली असेल तर ही उष्णता जाणार कुठे? फ्रिजच्या लेबलवर हवामान वर्ग 'टी' असेल, तर तो ४३ अंशापर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४४-४५ वर जातो. टिनाच्या खोलीत, भिंतीला चिकटवलेल्या फ्रिजमागे काय होत असेल, विचार करा.

*आधी मोजा*
तार असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास ठेवून तारेचं टोक त्या पाण्यात बुडवा. रात्रभर राहू द्या. सकाळी उठल्याबरोबर आणि दुपारी ३ वाजता आकडा बघा, कॅलेंडरवर लिहा. दुपारचा आकडा महत्त्वाचा. सकाळी ५ आणि दुपारी ११ असेल तर तो फ्रिज लसीच्या कामाचा नाही.

*मग हे करा, याच क्रमाने*

१) जागा बदला. चुलीपासून, गॅसपासून, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून फ्रिज दूर घ्या. मागे आणि दोन्ही बाजूंना निदान चार बोटं जागा सोडा, वरही मोकळं ठेवा. फ्रिजवर गोधड्या, पोती, डबे रचू नका. फ्रिज सरकवताना उभाच ठेवा, आडवा करू नका.

२) जाळी साफ करा. आधी प्लग काढा. कोरड्या मऊ ब्रशने धूळ आणि जाळं झाडा. पाणी मारू नका.

३) दुपारी छोटा टेबल फॅन लावा, फ्रिजच्या मागची गरम हवा हलती राहील असा. खर्च कमी, फरक लगेच दिसतो.

४) टिनावर चुना मारा. शक्य असेल तर पत्र्याच्या हातभर वर हिरवी शेडनेट ताणा. घरातली माणसंही सुखी होतील.

५) दाराचं रबर तपासा. दारात दहाची नोट अर्धी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून गरम हवा आत जाते. रबर साबणाच्या पाण्याने पुसा, तरी ढिलं असेल तर बदला. फ्रिज किंचित मागे झुकता ठेवला की दार आपोआप लागतं.

६) बर्फ साचू देऊ नका. साध्या फ्रिजमध्ये बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड झाला की थंडावा खाली पोचत नाही. प्लग काढून बर्फ वितळू द्या. चाकू, स्क्रू-ड्रायव्हर लावू नका. नळीला भोक पडलं की गॅस जातो, आणि नवीन फ्रिजमधला गॅस बहुधा पेट घेणारा असतो. बर्फ काढायच्या दिवशी फ्रिजमध्ये लस नको.

७) पिण्याच्या पाण्यासाठी माठ वापरा. दर दहा मिनिटांनी बाटलीसाठी दार उघडलं तर कुठलाच फ्रिज टिकणार नाही. तापवलेलं दूध आधी पाण्याच्या परातीत निववा, मग आत ठेवा.

*लाईट आणि व्होल्टेज*
मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं. कॉम्प्रेसर 'टक्' करून बंद होतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद. दिवा मात्र लागलेला असतो, म्हणून आपण फसतो. फ्रिजसाठी स्टॅबिलायझर घ्या. प्लग थेट अर्थिंग असलेल्या बोर्डात लावा, बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर नको.

लाईट गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो, उन्हाळ्यात त्याहून कमी धरा. रात्री दोन-तीन पाण्याच्या बाटल्या बर्फाच्या कप्प्यात गोठवा, लाईट जाताच खालच्या कप्प्यात आणा. फक्त लसीला चिकटवू नका.

*लस ठेवताना*
मधल्या कप्प्यात, डब्यात ठेवा. दारात नको, तिथे सगळ्यात गरम. बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नको, कारण घटसर्प, फऱ्या आणि लाळ-खुरकूतची लस एकदा गोठली की निकामी होते. वितळल्यावर ती पुन्हा चांगली होत नाही. आकडा ८ च्या वर गेलेला दिसला तर बाटलीवर खूण करा आणि टोचण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. अंदाजाने टोचू नका.

*मिस्त्री कधी बोलवायचा?*
कॉम्प्रेसर सलग चालू आहे, पण अर्ध्या तासानंतरही जाळी किंवा बाजू जराही कोमट नाहीत, तर गॅस गेला असण्याची शक्यता आहे. जाळी खूप गरम आणि आत थंडी कमी, तर आधी वरचे १ ते ३ मुद्दे करा. बहुतेक वेळा मिस्त्रीची गरजच पडत नाही.

आजच थर्मामीटर लावा. उद्या दुपारी ३ वाजताच्या आकड्याचा फोटो मला पाठवा. लस आणण्याआधी तुमचा फ्रिज चालेल की नाही ते सांगतो. ज्यांचा आकडा ८ च्या खाली येत नाही, त्यांनी लस घरी न ठेवता टोचायच्या दिवशीच आणावी, थर्मासमध्ये, बर्फाची पिशवी कागदात गुंडाळून.

तुमचा कृषी सल्लागार