विजेचा हिशेब

उन्हाळा सुरू झाला की विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात घरोघरी कूलर बाहेर निघतात. कूलरमध्ये पाणी असते, पंप असतो आणि पुष्कळ कूलर लोखंडी पत्र्याचे असतात. आतल्या वायरचे आवरण निघाले व ती पत्र्याला टेकली, तर सगळ्या पत्र्यात वीज उतरते. अशा वेळी अनवाणी माणसाने ओला हात लावला, तर त्याचा जीव जाऊ शकतो.

“पण घरात फ्यूज आहे ना!” असे तुम्ही म्हणाल. फ्यूज किंवा एमसीबी बसवतात ती वायर तापून आग लागू नये म्हणून. घरातील दिव्यांसाठी बहुधा ६ अँपिअरची एमसीबी असते. ६ अँपिअर म्हणजे ६,००० मिलिअँपिअर. माणसाच्या छातीतून मात्र १०० मिलिअँपिअर प्रवाह एक-दोन सेकंद गेला, तरी हृदय बंद पडू शकते. एवढ्याशा प्रवाहाने फ्यूज वितळत नाही. फ्यूज वायरीला वाचवतो. माणूस मात्र दगावतो.

माणसाला वाचवण्यासाठी वेगळे यंत्र आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. हे यंत्र विजेचा हिशेब ठेवते. वीज फेज वायरने येते व न्यूट्रल वायरने परत जाते. जेवढी आली, तेवढीच परत गेली पाहिजे. वीज कोणाच्या शरीरातून जमिनीत जाऊ लागली, तर परतीचा प्रवाह कमी पडतो. घरातील आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या फरकाची असावी. तेवढा फरक पडला, की सेकंदाच्या एक तृतीयांशाहून कमी वेळात खटका पडतो आणि वीज बंद होते.

अमेरिकेतील प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी विजेचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास केला आणि १९६१ मध्ये असे यंत्र तयार केले. त्या देशात स्नानगृहातील सॉकेटमध्येच ते बसवलेले आढळते. आपल्याकडे ते सहसा मुख्य बोर्डात बसवतात.

हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावे. कामाआधी मेन स्विच बंद करून टेस्टरने खात्री करावी. सॉकेट मोरी व नळापासून दूर असावे. ते तीन पिनांचे असावे आणि त्याच्या जाड पिनेच्या छिद्राला अर्थिंगची वायर खरोखर जोडलेली असावी. अर्थिंग चांगले असेल, तर पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत जाते आणि कोणी हात लावण्यापूर्वीच खटका पडतो. आरसीसीबीच्या पुढची न्यूट्रल वायर दुसऱ्या न्यूट्रलला जोडू नये. नाहीतर हिशेब चुकतो.

यंत्रावर एक चाचणीचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. खटका पडला नाही, तर यंत्र बदलावे.

कधी कधी खटका वारंवार पडतो. मग लोक कंटाळतात आणि यंत्र टाळून सरळ वायर जोडतात. मुलांनो, ही फार मोठी चूक आहे. खटका पडतो, म्हणजे कोठेतरी वीज गळत आहे. तो दोष शोधावा. पहारेकऱ्याला हाकलू नये.

मात्र हे यंत्र आहे म्हणून निष्काळजी राहू नका. एका हाताने फेज व दुसऱ्याने न्यूट्रल धरली, तर येणारी व जाणारी वीज सारखीच राहते आणि यंत्राला काही कळत नाही. म्हणून कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी स्विच बंद करा आणि प्लग काढा.

शब्दार्थ
आवरण – वरचे वेष्टन
अनवाणी – पायांत चप्पल किंवा बूट न घालता
दगावणे – मरण पावणे
परवाना – सरकारी परवानगी

स्वाध्याय
१. फ्यूज असूनही माणसाला धोका का राहतो?
२. आरसीसीबी विजेचा हिशेब कसा ठेवते?
३. ‘पहारेकऱ्याला हाकलू नये’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. आपल्या घरातील कोणकोणती सॉकेटे पाण्याजवळ आहेत, ते पाहून पाच वाक्ये लिहा. सॉकेटला हात लावू नका.