दस्तरखान आणि आपले हृदय

मुलांनो, बकरी ईदला तुमच्या घरी काय काय शिजते? कलेजी, भेजा, पाया, बिर्याणी! नुसत्या नावांनीच तोंडाला पाणी सुटते. आमच्या घरीही असेच असायचे. पण काही वर्षांपूर्वी माझ्या चाचाजानना हृदयविकाराचा झटका आला. ते चांगले धडधाकट होते. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल फार वाढले आहे."

कोलेस्टेरॉल म्हणजे काय? तो मेणासारखा एक पदार्थ आहे. शरीरातील पेशींना तो लागतोच. बरेचसे कोलेस्टेरॉल आपले यकृत स्वतः तयार करते आणि थोडे अन्नातून येते. रक्तात ते जास्त झाले, की धमन्यांच्या आतून थर साचतो. वाट अरुंद होते आणि हृदयाला रक्त कमी पडते. हे सारे मुकाट्याने घडते. दुखत नाही, कळतही नाही.

कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते. एका अंड्याच्या बलकात ते सुमारे २०० मिलिग्रॅम असते, तर १०० ग्रॅम भेज्यात १००० मिलिग्रॅमहून अधिक! म्हणून भेजा क्वचित आणि थोडाच खावा.

मग वनस्पती तुपात तळलेले चालेल का? त्यात कोलेस्टेरॉल नसते, हे खरे. पण त्यातील घट्ट चरबी रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवते. अशा तुपातील 'ट्रान्स फॅट' हृदयाला फार घातक असते. २०२२ पासून सरकारने त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तरीही घट्ट चरबी उरतेच. म्हणून डब्यावरचे 'कोलेस्टेरॉलमुक्त' हे शब्द वाचून फसू नका.

आता चाचीजान मटणावरची चरबी काढून टाकतात. रस्सा थंड झाल्यावर वर जमलेला थरही काढतात. करडईचे तेल चमच्याने मोजून घालतात. दस्तरखानावर डाळ, भाजी आणि पेरू रोज असतात. चाचाजान औषध चुकवत नाहीत आणि रोज पहाटे फिरायला जातात. ईदला बिर्याणी आजही होते, फक्त ताटात थोडी कमी असते.

मुलांनो, आज घरी जाऊन दोन कामे करा. तेलातुपाच्या डब्यांवरील मजकूर वाचा. आणि अब्बांना प्रेमाने विचारा, "अब्बा, तुम्ही रक्त कधी तपासले होते?"

शब्दार्थ : यकृत – कलेजी, जिगर. धमनी – हृदयाकडून रक्त नेणारी नळी. बलक – अंड्याचा पिवळा भाग. मुकाट्याने – आवाज न करता.

स्वाध्याय : १. कोलेस्टेरॉल वाढल्याचे माणसाला का कळत नाही? २. चाचीजाननी स्वयंपाकात कोणते बदल केले?