ओसरीवरील वेली : नागवेल व मनीवेल

पानमळा करणारास वेलीची ओळख निराळी करून देण्याचें कारण नाहीं. परंतु तोच शेतकरी घरच्या ओसरीवर कुंडींत वेल लावतो, तेव्हां मळ्यांतील अनुभव विसरतो. पाणी रोज घातलें जातें, तरी वैशाखांत पानें करपतात आणि आषाढांत मुळें कुजतात. सोलापुरासारख्या उष्ण व कोरड्या मुलुखांत कुंडींतही पानमळ्याचेच नियम पाळले पाहिजेत.

स्वभाव :— नागवेल ही मिरी व पिंपळी यांच्या कुळांतली. मनीवेल ही अळू व सुरण यांच्या कुळांतली असून तिचें मूळस्थान ताहितीजवळील मोओरेआ बेट होय. दोन्ही वेली दमट प्रदेशांतील झाडांच्या सावलींत वाढणाऱ्या. त्यांस उष्णता सोसते, कोरडी झळ सोसत नाहीं. मळ्यांत शेवरी, हातगा व पांगारा यांची सावली आपण याचसाठीं करतों.

जागा :— सकाळचें कोंवळें ऊन लागणारी पूर्वेची ओसरी उत्तम. दुपारनंतरचें पश्चिमेचें ऊन टाळावें. पारा ४० अंशांवर चढला म्हणजे कुंडीभोवतीं ओलें गोणपाट गुंडाळावें.

माती :— निव्वळ काळी माती कुंडींत भरूं नये. ती पाणी धरून ठेवते व सुकतांना भेगाळून मुळें तोडते. तांबडी माती २ भाग, कुजलेलें शेणखत १ भाग व जाड वाळू १ भाग घ्यावी. बुडाच्या भोंकावर खापरी पालथी ठेवावी.

पाणी :— बोटाचीं दोन पेरें मातींत घालून पहावें. ओल लागल्यास पाणी देऊं नये. कुंडीखालील थाळींत पाणी सांचूं देऊं नये. मळ्यांतील मर रोग अशा सांचलेल्या ओलींतच पसरतो. विहिरीचें पाणी मचूळ असल्यास पावसाचें पाणी सांठवून वापरावें. क्षारांनीं पानांच्या कडा जळतात.

आधार :— या वेली पेरापेराशीं मुळें सोडून चढतात. म्हणून काठीस काथ्या गुंडाळून तो ओला ठेवावा व वेल केळीच्या सोपटानें सैल बांधावी. मनीवेलीस चढावयास मिळालें तर पान मोठें होतें. लोंबती ठेवल्यास तें लहानच राहतें. नागवेलीचा खालचा भाग उघडा पडला म्हणजे मळ्याप्रमाणेंच उतरण करावी : वेल खालीं घेऊन तो भाग मातींत वेटोळून पुरावा. त्यास नवीं मुळें फुटतात.

बेणें :— पावसाळ्याच्या आरंभीं ३-४ डोळ्यांचें बेणें घेऊन दोन डोळे मातींत जातील असें लावावें. मनीवेल बाटलींतील पाण्यांतही मूळ धरते. मात्र तें पाणी आठ दिवसांच्या आंत बदलावें, नाहीं तर डासांची पैदास होते.

सावधगिरी :— मनीवेलीचें पान विड्याच्या पानासारखें दिसतें, परंतु तें खाण्याचें नव्हे. कच्च्या अळूप्रमाणें त्यांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. चावल्यास तोंड व घसा जळजळतो आणि सुजतो. दोन्ही वेली एकाच ओसरीवर शेजारीं लावूं नयेत, कारण लहान मुलास भेद कळत नाहीं. छाटणीचे तुकडे गव्हाणींत किंवा शेळीपुढें टाकूं नयेत. ते ओले उकिरड्यावर पडल्यास तेथेंही रुजतात. म्हणून उन्हांत पुरते वाळवून मगच टाकावेत.