परसातील वेलची केळ : ओळख व लागवड
(वरच्या प्राथमिक वर्गांसाठी निरीक्षणपाठ)

हेतू : खाण्याच्या केळीला रुजणारे बी नसते. ती मुनव्यापासून वाढते. म्हणून मूळ झाडाचे गुण आणि रोगही मुनव्याबरोबर येतात. लागवडीपासून घड उतरेपर्यंत वर्षाहून अधिक काळ जातो. पारख न करता आणलेला मुनवा म्हणजे कुटुंबाचे एक वर्ष व्यर्थ. यास्तव 'आधी झाड पाहावे, मग मुनवा मागावा' ही सवय विद्यार्थ्यांस लावणे हे या पाठाचे प्रयोजन आहे.

ओळख : शिक्षकांनी मुलांस वेलची व बसराई ही दोन्ही झाडे शेजारी शेजारी दाखवावीत. बसराई न मिळाल्यास तिच्याच कुळातील ग्रँड नैन चालेल.

१. खांब : बसराईचा बुटका, जाड व काळपट डागांचा, वेलचीचा उंच, सडपातळ, पिवळसर हिरवा.

२. फळ : बसराईचे मोठे, बाकदार व जाड सालीचे, वेलचीचे लहान, पातळ सालीचे, गोड पण किंचित आंबूस.

३. रंग : वेलची पिकली की पिवळीधमक होते. बसराई उष्ण हवेत पिकूनही हिरवट राहते. सबब केवळ रंगावरून निर्णय करू नये.

अशी १५ लक्षणे तपासून केळीचे कूळ ठरविण्याची रीत सिमंड्स व शेफर्ड या शास्त्रज्ञांनी १९५५ साली मांडली. एका खुणेवर न विसंबता अनेक खुणा जुळवून पाहाव्यात, हाच तिचा बोध.

मुनव्याची निवड : तलवारीसारख्या अरुंद पानांचा, बुडाशी जाड मुनवा घ्यावा, रुंद पानांचा पाणमुनवा दुबळा असतो. ज्या झाडाची पाने आखूड, अरुंद होऊन शेंड्याशी गुच्छासारखी दाटतात, त्यास पर्णगुच्छ रोग असतो. मावा तो पसरवितो. खालची पाने कडेने पिवळी पडून खांबाशी लोंबत असतील व कापलेला खांब आत तपकिरी दिसत असेल, तर तो मर रोग समजावा. त्याची बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते. अशा झाडाचा मुनवा फुकट मिळाला तरी नाकारावा.

लागवड : उन्हाच्या, पाणी न साचणाऱ्या जागी सुमारे दीड फूट खोल व तितकाच रुंद खड्डा घेऊन माती व कुजलेले शेणखत भरावे. ओल कायम राखावी. बाजूचे मुनवे वेळोवेळी काढून पुढील पिकासाठी एकच ठेवावा. घड पडताच झाडास टेकू द्यावा.

स्वाध्याय : प्रत्येक विद्यार्थ्याने घराजवळील एक केळ पाहून तिच्या तीन खुणा वहीत लिहाव्यात, जातीचे नाव त्यानंतरच लिहावे.