विकत घेतले, पण मालक कोण?

विक्री आणि भाडे हे दोन वेगळे व्यवहार आहेत, हे प्रत्येक दुकानदार जाणतो. आम्ही कापडाचा तागा विकला, पैसे घेतले, बिल फाडले की त्यावरचा आमचा हक्क संपला. गिऱ्हाईक त्याचे पडदे शिवो की तो दुसऱ्याला विको. आम्ही त्याच्या घरी जाऊन कापड परत आणू शकत नाही. भाड्याचा मंडप मात्र ठरल्या दिवशी परत जातो. व्हिडिओ गेमच्या बाजारात आज या दोन व्यवहारांची सरमिसळ झाली आहे. बटणावर ‘खरेदी’ लिहिलेले असते आणि करारात ‘वापरण्याचा परवाना’. आपली मुले तेथे पैसे खर्च करतात, काही बांधव गेमच्या डिस्कही विकतात. म्हणून हा विषय आपण समजून घेतला पाहिजे.

कुलूप कशासाठी?

कापडाची नक्कल करायला माग आणि सूत लागते. गेमची नक्कल काही मिनिटांत होते. चोरी रोखण्यासाठी कंपन्या गेममध्ये एक कुलूप घालतात. त्याला डिजिटल राइट्स मॅनेजमेंट किंवा डीआरएम म्हणतात. गेम सुरू होताना हे कुलूप परवाना तपासते. काही गेममध्ये ही तपासणी एकदाच होते, तर काहींना सतत इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाशी जोडलेले राहावे लागते. चोरीपासून मालाचे रक्षण करणे गैर नाही. प्रश्न असा की, किल्ली कायम विकणाऱ्याच्याच खिशात राहिली तर घेणाऱ्याने नेमके काय घेतले?

‘द क्रू’चे प्रकरण

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ साली ‘द क्रू’ हा मोटार शर्यतीचा गेम विक्रीस आणला. एकट्याने खेळायचे असले तरी त्याला कंपनीच्या सर्व्हरची जोडणी लागे. डिसेंबर २०२३ मध्ये विक्री थांबली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले. त्या दिवसापासून पैसे मोजून घेतलेली डिस्कसुद्धा निरुपयोगी झाली. पुढे अनेक ग्राहकांच्या खात्यांतून परवानाही काढून घेण्यात आला.

त्यावरून रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. सर्व्हर जन्मभर चालवा, अशी त्यांची मागणी नाही. सेवा बंद करताना गेम चालू राहील अशा स्थितीत ग्राहकाच्या हाती द्या, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. युरोपीय संघाकडे केलेल्या त्यांच्या अर्जाने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांची अट ओलांडली.

जुना निकाल, नवी पळवाट

१९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. एका प्रकाशकाने पुस्तकात छापले होते की, हे १ डॉलरपेक्षा कमी किमतीत विकू नये. मेसी या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. न्यायालयाने निकाल दुकानाच्या बाजूने दिला: एकदा माल विकला की पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. जुन्या मालाचा बाजार याच तत्त्वावर उभा आहे. परंतु ‘आम्ही विकलेच नाही, परवाना दिला’ असे म्हटले की हे तत्त्व बाजूला पडते. स्टीम या मोठ्या गेम-दुकानाच्या करारानुसार ग्राहकाला आपले खाते दुसऱ्याला विकता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू आहे की, परवानाच द्यायचा असेल तर तसे स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरता येणार नाही. जो माल कायमचा उतरवून घेता येतो व इंटरनेटशिवाय चालतो, त्याला यातून सूट आहे. आपल्या देशाच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल मालही येतो. सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याची मुभा देणारी अट त्यात ‘अनुचित करार’ मानली आहे, व त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते.

पैसे देण्यापूर्वी

१. गेम इंटरनेटशिवाय चालतो का, हे पाहावे.

२. खोक्यात पूर्ण गेमची डिस्क आहे की फक्त उतरवून घेण्याचा कोड, हे वाचावे. कोड एकदा वापरला की पुन्हा विकता येत नाही.

३. जीओजीसारख्या दुकानात कुलूप नसलेले गेम मिळतात. त्यांची फाइल उतरवून स्वतःजवळ जपून ठेवावी.

४. पावती आणि खरेदीच्या वेळच्या अटी सांभाळून ठेवाव्यात.

जे बांधव हा माल विकतात त्यांनी ही माहिती गिऱ्हाईकाला आधीच सांगावी. मालातला ऐब दाखवून केलेला सौदाच खरा सौदा होय. भाड्याची वस्तू भाड्याची म्हणूनच दिली, तर कोणाचीच तक्रार राहणार नाही.