तेच पुस्तक, पुन्हा एकदा

कादंबरीकार हरिभाऊ आपटे (१८६४–१९१९) हे माझे बाळपणापासूनचे आवडते लेखक.

मी सहावीत असताना त्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी माझ्या हाती आली. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा कसा घेतला, ते वाचताना मला तहानभुकेचे भान राहत नसे. रात्री माजघरात मी ती मोठ्याने वाचत असे आणि आजीची थोरली बहीण भिंतीला टेकून ऐकत असे. तिला सारे मावशीआजी म्हणत. ती बालविधवा होती. जुन्या रूढीप्रमाणे तिच्या डोक्यावरचे केस काढलेले असत आणि अंगावर सदैव लाल आलवण असे. आम्ही तिला पहिल्यापासून तशीच पाहिली होती; म्हणून त्याचे नवल कधी वाटले नाही.

पुढे हरिभाऊंचीच ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी मी मोठ्या उत्साहाने उघडली. तीत ना गड, ना लढाई! यमू नावाची मुलगी आपल्या घरातल्या गोष्टी सांगत होती. चार प्रकरणे वाचून मी पुस्तक मिटले.

“का रे, आज वाचत नाहीस?” मावशीआजीने विचारले.

“यात काही घडतच नाही, मावशीआजी!”

ती काही बोलली नाही.

सेवानिवृत्त झाल्यावर ते पुस्तक मी पुन्हा हाती घेतले. ही कथा प्रथम १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येत होती. यमूचा विवाह लहानपणी होतो. पती समंजस, तिच्या शिक्षणाला उत्तेजन देणारा. परंतु तो अकाली मरण पावतो आणि यमूच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन केले जाते. तेथे आलो आणि मला पुढे वाचवेना. भिंतीला टेकलेली मावशीआजी डोळ्यांपुढे उभी राहिली. तिच्यावर तो प्रसंग कोणत्या वयात आला? ती किती रडली असेल? मी तिला कधीच विचारले नव्हते, आणि आता विचारावे तर ती या जगात नाही. ग्रंथाच्या नावातला प्रश्न जणू मलाच केलेला होता.

पुस्तकातले एक अक्षरही बदलले नव्हते. बदललो होतो मी.

मुलांनो, एखादे चांगले पुस्तक आज रुचले नाही, तर ते टाकून देऊ नका, जपून ठेवा. परंतु घरातल्या वडीलधाऱ्यांची हकिकत मात्र आजच विचारा. पुस्तक आपली वाट पाहते. माणसांना तेवढा वेळ नसतो.