वर्तनोपचार : आपल्या मुलांसाठी, आपल्या माणसांकडून



वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर मूल वळून पाहत नाही, दीड वर्षाचे झाले तरी बोटाने वस्तू दाखवत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा येत असलेले शब्द विसरते. असे दिसले तर थांबू नका. 'मुलगे उशिरा बोलतात' म्हणून वर्ष घालवू नका आणि बुवा-बाबाकडेही जाऊ नका. केईएम किंवा नायर रुग्णालयाच्या बालरोग विभागात दाखवा. कदाचित ही स्वमग्नता असेल. तो आईचा दोष नाही.

अशा मुलांसाठीच्या उपचारांपैकी एक वर्तन विश्लेषणावर आधारलेला आहे. त्याचे मूळ सूत्र आपल्याला परके नाही. कारणाशिवाय काही घडत नाही, हे आपण धम्मात शिकतो. इथेही तीन गोष्टी पाहतात : आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर त्याला काय मिळाले. आठ दिवस वहीत एवढेच लिहा. मुलाच्या किंचाळण्यामागचे कारण बहुतेक वेळा त्यातून दिसू लागते.

पण कारण ओळखायचे तर पाहणाऱ्याला आपले घर माहीत हवे. लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळीचे उदाहरण घ्या. १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास. तिथे रांगेत बादल्यांचा आवाज, ओरडा आणि दारावरची थाप असते. आवाज सहन न होणारे मूल तिथे किंचाळते. चाळ न पाहिलेला थेरपिस्ट लिहितो, 'मूल ऐकत नाही, घरात शिस्त नाही.' 'मूल स्वतःच्या खोलीत झोपते का?' असे विचारले तर आई काय सांगणार? चाळींच्या जागी टॉवर येत आहेत, तरी अनेक वस्त्यांत घर आजही असेच आहे.

यावर दोन बाजूंनी काम करावे लागते.

पहिली बाजू माणसाची. थेरपिस्टने सल्ला देण्याआधी विचारावे : घरात किती माणसे, पाणी कधी येते, मुलाला दिवसभर कोण सांभाळते? सल्ला आपल्या बोलीत द्यावा. तथागतांनीही धम्म लोकांच्या भाषेत सांगायला लावला. आपणही गप्प बसू नये. 'ताई, हे आमच्या घरात जमणार नाही, दुसरे सांगा,' असे म्हणणे उद्धटपणा नाही. मुलाला मारणे, जबरदस्तीने डोळ्यांत डोळे घालायला लावणे, कुणाला इजा न करणारे हात हलवणे बंद पाडणे, हे उपचारात बसत नाही. मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी अशा सक्तीवर जाहीर आक्षेप घेतले आहेत.

दुसरी बाजू व्यवस्थेची. एक थेरपिस्ट समजूतदार निघाली, तरी तिची बदली झाली की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. दिवसा थेरपीला नेले तर घरकाम करणाऱ्या आईचा खाडा पडतो. या शास्त्राचे सर्वांत नावाजलेले प्रमाणपत्र देणारे मंडळ अमेरिकेत आहे. तिथेही हे प्रमाणपत्र घेतलेल्यांत गोरे बहुसंख्य आहेत, आणि २०२३ पासून ते मंडळ भारतातून नवे अर्ज घेत नाही. म्हणजे आपला दरवाजा आपल्यालाच उघडावा लागेल.

बाबासाहेब शिक्षकांच्या चांगुलपणावर विसंबून राहिले नाहीत. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. वेळ आणि दार बदलले की आत येणारी माणसे बदलतात.

म्हणून आपण काय करायचे?

१. बारावी झालेल्या मुला-मुलींना विशेष शिक्षणाच्या दोन वर्षांच्या पदविकेची माहिती द्या. संस्था भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यताप्राप्त आहे ना, ते तपासा. नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची महाडीबीटीवर चौकशी करा.

२. मुलाचे यूडीआयडी कार्ड काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते.

३. नगरसेवकाकडे आणि वॉर्ड ऑफिसात लेखी मागणी करा : पालिकेच्या दवाखान्यात संध्याकाळची थेरपी, मराठी फॉर्म, अंगणवाडी सेविकांना प्रशिक्षण आणि वस्तीतील शिकाऊ मुलींना विद्यावेतन.

४. महिन्यातून एक संध्याकाळ विहारात अशा मुलांच्या पालकांची बैठक घ्या. मुलांनाही सोबत आणा. ती वंदनेच्या वेळी ओरडली तरी कुणी वळून पाहू नये.

आम्ही परिचारिका असताना वॉर्डात रोज पाहिले आहे : आपल्या बोलीत बोलणारे कुणी दिसले की आई मोकळेपणाने सांगू लागते. उपचाराची सुरुवात तिथूनच होते. त्या खुर्चीवर उद्या आपल्या वस्तीतली मुलगी बसावी, यासाठी आजच तिचा अर्ज भरूया.